दुमडलेला कोपरा

कोपरा सरळ केलेला होता. नुसता उलगडलेला नव्हता; नखानं, मग बहुधा पट्टीच्या कडेनं, दोन-तीनदा घासून सपाट केलेला होता. तरी घडीची रेघ राहिलीच होती. सकाळचे पेशंट संपले होते, दीड वाजत आला होता, मी ट्रेमधले केसपेपर उचलून नंबराप्रमाणे लावत होते, आणि ती रेघ आधी बोटांना कळली, डोळ्यांना नंतर. कागद घड्याळजींचा होता. मी तो उलटा केला, सुलटा केला, गठ्ठ्यात घातला, पुन्हा काढला. भाजी निवडताना अळी दिसली की क्षणभर आपण ते पान मिटून ठेवतो, पाहिलंच नाही असं स्वतःला सांगतो, तसं काहीसं. मग मी स्टुलावर टेकले. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. सकाळपासून ती तिथं होती, आणि सकाळपासून पर्स मला जड लागत होती.

हा कोपरा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण बावीस वर्षांत मी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि सगळी गोम तिथंच आहे. मी ह्या दवाखान्यात काउंटरवर बसते. नाव विचारते, केसपेपर काढते, फोन घेते, बसा म्हणते, लहान मुलांना वजनकाट्यावरून खाली उतर म्हणते. बावीस वर्षं माणसं माझ्यासमोरून आत जातात आणि माझ्यासमोरूनच बाहेर येतात. माणूस काउंटरवर सांगतो ते एक, आत डॉक्टरांना सांगतो ते दुसरं, आणि जे सांगायचं म्हणून घरून निघालेला असतो ते तिसरंच. लोक ताकाला येतात आणि भांडं लपवतात. भांडं लपवायला कुणाला पाठीचं दुखणं लागतं, कुणाला खोकला. पण ते तिसरं कधीकधी काउंटरवर दिसून जातं. बोलण्यात नाही दिसत. चष्म्याचं घर उघडायला लागलेल्या वेळात दिसतं, लावलेलंच बटण पुन्हा लावण्यात दिसतं. असं काही दिसलं की मी त्या केसपेपराचा उजवा वरचा कोपरा दुमडते आणि कागद आत पाठवते. एवढंच. कोपरा दुमडलेला असला की मोठे डॉक्टर तक्रार ऐकतात, तपासतात, औषध लिहितात, आणि मग पुढचा पेशंट बोलवत नाहीत. पेनाला टोपण लावतात, हात पोटावर बांधतात आणि बसून राहतात. बाहेर लोक चुळबुळ करतात, माझ्याकडे बघतात, आणि मी खिडकीबाहेर बघते.

हे आमच्यात ठरलं कसं, तेही सांगण्यासारखं नाही, कारण ठरलं असं काही नाहीच. मला लागून तीन महिने झाले होते. एक बाई घसा दुखतो म्हणून आली, आणि तिनं ‘काही नाही हो, नुसता घसा’ असं ज्या आवाजात म्हटलं तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मला जागा सोडता येत नव्हती, चिठ्ठी लिहिण्याचं धाडस नव्हतं, हात आपोआप कागदाच्या कोपऱ्याकडे गेला. ती बाई अर्ध्या तासानं बाहेर आली तेव्हा तिचं तोंड धुतल्यासारखं झालं होतं. संध्याकाळी तो केसपेपर ट्रेमध्ये परत आला तेव्हा कोपरा तसाच दुमडलेला होता, आणि घडीच्या आत बारीक अक्षरात एकच शब्द होता: बरोबर. त्यानंतर आम्ही ह्या विषयावर कधी बोललो नाही. न बोलण्याचाच मान होता तो. माझं शिक्षण दहावी. डॉक्टरांच्या कपाटातली पुस्तकं काउंटरखाली मांडीवर ठेवून, शब्दकोश शेजारी घेऊन, मी ओळ-ओळ वाचली. नवरा म्हणतो, तुला अर्धी डॉक्टरकी येते आणि तीही नको ती अर्धी. पण कोपरा कुठल्या पुस्तकात नव्हता. तो माझा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मी ती बावीस वर्षं झाकून बसले.

आमच्याकडे दर सहा महिन्यांनी एक शिकाऊ डॉक्टर येतो. मोठ्या इस्पितळात शिकून झालेलं असतं, पण फॅमिली डॉक्टर व्हायचं तर अशा छोट्या दवाखान्यात बसून, मोठ्या डॉक्टरांच्या नजरेखाली, सर्दी-पडसं आणि संसार बघावे लागतात. मी त्यांना मनातल्या मनात नावं देते. एक होता पाठांतर, एक होता घाई, एक मुलगी होती ती दर पेशंटला ‘अरे बाप रे’ म्हणायची आणि पेशंट आणखी आजारी होऊन जायचे. आता आहे ती इस्त्री. सत्तावीस वर्षांची, हुशार, कष्टाळू. पण तिला वाकडं काही बघवत नाही. आल्या दिवशी तिनं माझी टाचण्यांची डबी आवरून दिली. टेबलावरचा रुमाल काटकोनात ठेवते, पेशंटची चप्पल तिरकी असली तर पायानं हळूच सरळ करते, आणि बोलता बोलता कुठल्याही कागदाची कड तळहातानं सपाट करत राहते. एखाद्याच्या हातात माळ असते तसा तिच्या हातात तो चाळा आहे. तिच्या पहिल्याच आठवड्यात मी एका म्हाताऱ्या बाईंबद्दल आत जाऊन दोन शब्द सांगितले, तर संध्याकाळी ती माझ्यापाशी आली. रागावली नव्हती, उलट संकोचली होती. म्हणाली, ताई, पेशंट आत येण्याआधी तुम्ही त्यांच्याबद्दल काही सांगत जाऊ नका, माझं मन आधीच एका बाजूला झुकतं. पुस्तकातही असंच आहे. मला माहीत होतं, मीही वाचलंय ते पुस्तक. मी बरं म्हटलं. ज्या ‘बरं’मध्ये बरं काहीच नसतं, तसलं.

आणि नेमका आठ दिवसांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी मला एक कोरा कागद दिला. शिकाऊ डॉक्टरांना शिकवणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे, त्यांना नव्या येणाऱ्यांसाठी प्रत्येक दवाखान्याकडून एक पानभर उपदेश हवा होता. मोठे डॉक्टर म्हणाले, तुम्ही लिहा, मी चार डॉक्टर घडवले असतील, तुम्ही चाळीस घडताना पाहिलेत. दुसऱ्या दिवशी ते डोळ्याच्या ऑपरेशनला गेले आणि दवाखाना इस्त्रीवर, म्हणजे खरं तर आम्हा दोघींवर, सोडून गेले. मी तो कागद रोज काढते. पहिल्या दिवशी लिहिलं: पेशंट आत येताना बघा, तोंडाकडे नंतर, आधी पायांकडे. खोडलं, वाटलं, मी चांभार आहे का. मग लिहिलं: म्हातारा माणूस बायकोला घेऊन आला तर तब्येत त्याचीही विचारा. खोडलं. मग: भूक लागली असताना कुणालाही ‘घाबरायचं कारण नाही’ असं सांगू नका. हे मला आवडलं होतं, पण तेही खोडलं, कारण ते इस्त्रीला उद्देशून होतं आणि तिला ते कळलं असतं. कोपऱ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. पेन त्या बाजूला गेलंच नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मी स्वतःला समजावलं. पण ते खरं नव्हतं. कोपरा लिहिला की तो सगळ्यांचा होणार, मग कुणीही पोर काउंटरवर बसून कोपरे दुमडील, मग मी कशाला? पन्नाशीनंतर माणूस आपल्या लहानशा उपयोगाला किती चिकटून बसतं ते मला त्या कागदानं दाखवलं. मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि वरून कापसाचं पुडकं ठेवलं.

सकाळी दहाच्या सुमारास घड्याळजी आले. चार गल्ल्या पलीकडे त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद आहे, वर ते राहतात. चौऱ्याहत्तर वर्षांचे. गेली चार वर्षं ते बाईंना बरोबर घेतल्याशिवाय कधी आले नाहीत. बाई म्हणजे त्यांची बायको. तिचं हळूहळू पुसत गेलं, आधी शेजाऱ्यांची नावं, मग मुलगा दूर नोकरीला असतो ते, मग मुलगाच. हल्ली ती घड्याळजींनाही ‘आपण कोण’ म्हणून विचारते, पण फार सभ्यपणे. ते दवाखान्यात आले की पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. किल्लीचं जुनं घड्याळ आहे, मोठ्या डॉक्टरांच्या वडिलांचं. दर शनिवारी स्टुलावर चढून घड्याळजी किल्ली देतात, आणि किल्ली त्यांच्याच खिशात असते, कारण पाठांतरनं एकदा उत्साहाच्या भरात स्प्रिंग तोडली होती. वेळ मागे पडलेली दिसली की मला बोल लावतात, मुली, तुझा दवाखाना लोकांना तीन मिनिटं उशिरा बरं करतो. आज ते एकटे आले. बाईंना शेजारणीपाशी बसवलंय म्हणाले. घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांच्या मनगटावरही घड्याळ नव्हतं, कातडीवर फिकट पट्टा तेवढा होता. मी काय होतंय विचारलं तर म्हणाले, काही नाही, झोप लागत नाही. मग खिशातून किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

‘ही असू दे तुझ्यापाशी. शनिवारी आठ पिळे द्यायचे. नववा नाही.’

मी हसून म्हटलं, ह्या वयात मला कुठं स्टुलावर चढवता काका. ते हसले नाहीत. तेवढ्यात फोन वाजला, एका पोराला ताप होता आणि त्याची आई माझ्यावरच ओरडत होती, आणि मी मान वाकडी करून फोन खांद्यात धरला आणि घड्याळजींच्या कागदाचा कोपरा दुमडला. नेहमीसारखा एकदा नाही, दोनदा दुमडला. आणि आत पाठवला. दहाव्या मिनिटाला ते बाहेर आले, मला नमस्कार केला, गेले. त्यांनी कधी नमस्कार केला नव्हता मला. मुलीला कुणी नमस्कार करतं का?

हे सगळं मी दीड वाजता स्टुलावर बसून आठवत होते असं म्हणणं सोपं आहे. आठवत नव्हते, ते सकाळपासून माझ्यासमोरच होतं आणि मी त्यावर केसपेपर रचत होते. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. गेल्या महिन्यात दोन कोपरे सरळ होऊन आले होते. एक शाळकरी मुलीचा, सारखं पोट दुखतं म्हणणाऱ्या. एक बस चालवणाऱ्या माणसाचा. तेव्हा मोठे डॉक्टर होते, त्यांनी दोघांनाही परत बोलावून घेतलं, निभावलं. पण मी ते कोपरे पाहिले होते. इस्त्रीला खूण माहीत नाही हे मला पहिल्या कोपऱ्याला कळलं होतं, आणि दुसऱ्याला खात्री पटली होती. तरी मी बोलले नाही. तिनंच सांगितलं होतं ना, सांगू नका म्हणून. मग बसा. पालथ्या घड्यावर पाणी मी का ओतू. असं मी शब्दांत म्हटलं नव्हतं, पण म्हटलं होतं. आतल्या आत मी वाट बघत होते, तिला एकदा ठेच लागावी, मोठी नको, अंगठ्याला लागते तेवढी, आणि मग तिनं माझ्याकडे येऊन विचारावं, ताई, तुम्हाला कसं कळतं हो? ठेच कुणाच्या पायाला लागेल हे मात्र मी ठरवलं नव्हतं.

मी कागद घेऊन आत गेले. इस्त्री डबा उघडून बसली होती, पोळीची घडीसुद्धा चौकोनी. मी विचारलं, घड्याळजींना काय दिलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घास खाली ठेवला. झोपेच्या गोळ्या, म्हणाली, महिन्याभराच्या. आधी दहाच दिवसांच्या लिहीत होते, पण ते म्हणाले, हिला सोडून सारखं येता येत नाही, म्हणून महिन्याच्या लिहिल्या. सगळं विचारलं, ताई. भूक, जेवण, वजन. मनात काही वाईटसाईट येतं का, तेसुद्धा विचारलं. नाही म्हणाले. हसून म्हणाले, त्याला वेळ कुठंय. ती एकेक सांगत होती आणि प्रत्येक गोष्ट बरोबर होती. तिनं काही सोडलं नव्हतं. केसपेपरवर तिच्या सुबक अक्षरात पाच वेळा ‘नाही’ लिहिलेलं होतं. मी कागद तिच्यापुढे धरला, त्या रेघेवर बोट ठेवलं, आणि बावीस वर्षं झाकलेली मूठ दोन वाक्यांत उघडली. किल्लीचंही सांगितलं. मला वाटलं होतं, उघडल्यावर ती मोठी दिसेल. एवढीशी निघाली, एक कोपरा, त्यात काय. इस्त्रीनं त्या रेघेकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे.

‘सांगितलं का नाहीत?’

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं, मीही चढवला असता. मी घड्याळजींना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. इस्त्रीनं मोठ्या डॉक्टरांना घरी फोन केला. ते डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, जा, दोघी जा. मला त्यातलं ‘दोघी’ लागलं. दवाखान्याचं दार ओढून घेतलं आणि आम्ही निघालो. ऊन डोक्यावर होतं, रस्ता जेवायला घरी गेल्यासारखा मोकळा होता. औषधांच्या दुकानात मी उभ्या उभ्या विचारलं. घड्याळजी साडेअकरालाच येऊन गेले होते, चिठ्ठीतल्या सगळ्या गोळ्या एकदम घेऊन. दुकानदारानं वर मला विचारलं, कुणाचं काय झालंय, इतक्या घाईत. कुणाचं काही नाही, म्हटलं मी. आणि माझाच आवाज माझ्या कानांवर आला. हाच तो. ‘काही नाही.’ बावीस वर्षांपूर्वीचा.

तेव्हा मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूला होते, म्हणजे पेशंटच्या. पाठ दुखते म्हणून तीनदा गेले होते. मूल जन्मतःच गेलं होतं, दोन महिने झाले होते, आणि घरात सगळे फार चांगले वागत होते. सासू म्हणायची, होईल दुसरं. नणंद म्हणायची, अजून वय आहे. नवरा काही म्हणायचा नाही, तो पाणी भरायचा, माझ्या वाटचंसुद्धा. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचे आणि कपडे वाळेपर्यंत खाली यायचे नाही. कठड्यापाशी उभी राहायचे. मला काही करायचं नव्हतं, असं मी आजही म्हणते. पण कठडा माझ्या कमरेला कुठं लागायचा ते मला आजही माहीत आहे. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी पाठीला लावायचं मलम लिहिलं, आणि मग टोपण लावून बसून राहिले. मी म्हटलं, येऊ मी? ते म्हणाले, बसा थोडं. मी म्हटलं, काही नाही, पाठच दुखते. मला बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. इतकं मोठ्यानं की मला त्याचा राग आला, आणि राग आला म्हणून रडू आलं. पुढं काय बोलले ते मला आठवत नाही. ते त्यांना आठवत असेल. आठवड्यानं त्यांनी विचारलं, तुम्हाला माझं अक्षर लागतं का? म्हटलं, लागतं. म्हणाले, मग या सोमवारपासून. त्या घड्याळाला त्या शनिवारी किल्ली कुणी दिली होती? घड्याळजींनीच, दुसऱ्या कुणी देणार?

त्यांचा जिना अरुंद होता, एकवीस पायऱ्या. माझे गुडघे बोलायला लागले तशी इस्त्री थांबली आणि तिनं हात पुढे केला. मी तो धरला. आणि तिथं, अंधाऱ्या वळणावर, मला वाटलं की आता उत्तर दिलं पाहिजे, वर काय असेल ते असो.

‘मला वाटलं, कळेल तुम्हाला.’

‘कसं?’ तिनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पुढची पायरी चढले.

दार लोटलेलं होतं. ढकलल्यावर समोर बाई उभ्या, परीटघडीचं पातळ, केस नीट विंचरलेले. या या, म्हणाल्या, घड्याळ न्यायला आलात का? इस्त्रीनं विचारलं, काका कुठं आहेत. बाई आपल्या हलक्या, पाहुण्यांशी बोलण्याच्या आवाजात म्हणाल्या, आत एक गृहस्थ बसलेत, चांगले आहेत, पण कोण आहेत ते ठाऊक नाही बाई. बसलेत, म्हणाल्या. मी तो एक शब्द धरून आत गेले. भिंतींवर सगळीकडे फिकट गोल होते, लहान, मोठे, एक लंबोळका लांब, प्रत्येकाच्या वर एक खिळा. पूर्वी मी एकदा आले होते तेव्हा ह्या घरात बोलायला आवाज चढवावा लागायचा, इतकी टिकटिक. मागं कधीतरी ते म्हणाले होते, हिला आवाजाची भीती वाटते, कुणीतरी चालत येतंय असं वाटतं. तेव्हा मी अरेरे म्हणून नंबर दिला होता. एकेक करून सगळी घड्याळं उतरवली होती त्यांनी. मनगटावरचंही.

घड्याळजी जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत होते. जिवंत. मला वाटलं होतं की असं दिसलं तर जीव भांड्यात पडेल. पडला नाही, वरच लटकून राहिला. कारण टेबलावर त्यांच्या हातापाशी औषधांच्या दुकानाची पुडी होती, टाचणी मारलेली, न उघडलेली, आणि तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला. आम्हाला बघून ते दचकले नाहीत. फोन वाजत होता तो तुमचाच का, म्हणाले, लिहिण्यात होतो. बसा. आम्ही बसलो. बाई दारात उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. काउंटरवर बसून बसून मला उलटं वाचता येतं. वर लिहिलं होतं: हिच्यासाठी. खाली बारीक, ओळीत ओळ, घड्याळाची चाकं बसवणाऱ्या माणसाचं अक्षर. सकाळी आधी खिडकी उघडा, मग तिच्याशी बोला. चप्पल डावी आधी. आंघोळ म्हणू नका, पाणी तापलंय म्हणा. आरशावर संध्याकाळी कपडा टाका. ती नाही म्हणाली तर वाद घालू नका, निघूनही जाऊ नका. पाच मिनिटं तिथंच बसा, मग पुन्हा विचारा. पहिलं नाही तिचं नसतं, भीतीचं असतं. आणि अगदी खाली, शाई अजून ओली: मी कुठं आहे असं विचारलं तर कामावर गेलोय सांगा.

आठ दिवस माझ्याच्यानं न लिहिला गेलेला कागद इथं लिहून तयार होता. मी तो पुन्हा वाचायला लागले, आणि मग माझ्या लक्षात आलं की इस्त्रीही वाचते आहे. तिला उलटं वाचायची सवय नव्हती, ती ओठ हलवत वाचत होती, एकेक शब्द. शेवटच्या ओळीपाशी तिचे ओठ थांबले. पंखा हळू फिरत होता. त्या वाऱ्यानं कागदाचा वरचा कोपरा उचलला गेला होता आणि स्वतःवरच दुमडून पडला होता. मी बघत होते. तिचा हात नेहमीसारखा निघाला, सवयीनं, तळहात उघडा, आणि कागदाच्या बोटभर अलीकडे थांबला. तसाच राहिला थोडा वेळ, हवेत. मग तिनं तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. पेनबिन तिच्यापाशी काही नव्हतंच टोपण लावायला.

‘हे कुणासाठी लिहिताय काका?’

‘जो कुणी येईल त्याच्यासाठी.’

‘मी इथं आले ते चुकीचं औषध लिहिलं म्हणून,’ ती म्हणाली. ‘चूक माझी आहे. ती पुडी मी परत घेऊन जाऊ?’

चूक आमची आहे असं मी म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण घड्याळजींनी तेवढ्यात पुडीवर हात ठेवला, जोरानं नाही, एखाद्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि म्हणाले, ‘नाही.’

मी पर्समधून किल्ली काढली आणि टेबलावर, त्यांच्या कागदाशेजारी, ठेवली. नववा पिळा कसा ओळखायचा ते मला कळत नाही, म्हटलं. त्यांनी किल्लीकडे पाहिलं. दारातून बाईंनी विचारलं, किती वाजले हो? घड्याळजींची नजर सवयीनं मनगटावर गेली, त्या फिकट पट्ट्यावर, आणि तिथंच राहिली. इस्त्रीचा फोन तिच्या पिशवीत होता. तिनं तो काढला नाही. ती उठली नाही, खुर्चीत मागे टेकून बसली, आणि तिच्याकडे बघून मीही टेकले. पाच मिनिटं थांबायचं होतं, आणि त्या घरात घड्याळ नव्हतं.